उत्तरेश्वरचे सहा टाके

दवाखान्यात कुत्रं आलं की सगळे कुत्र्याकडे बघत. उत्तरेश्वर तळेकर मात्र आधी मालकाच्या तोंडाकडे बघायचा. कुत्र्याला जे होतंय ते कुत्रं दाखवतंच. लपवायचं असतं ते साखळी धरणाऱ्याला, असं त्याचं पक्कं मत होतं. पौड रोडवरच्या डॉ. नीरजा बेहेरे यांच्या दवाखान्यात बारा वर्षं काढल्यावर ते मत मऊ होण्याऐवजी आणखीच टणक झालं होतं.

मूळचा तो करमाळ्याजवळच्या केमचा. वडील सरकारी गुरांच्या दवाखान्यात परिचर. गाभण म्हैस अडली की मालक सांगायचा, "आत्ता सकाळपासून". म्हशीकडे बघून कळायचं की दोन दिवस झालेत. वडील घरी येऊन म्हणायचे, "मुकं जनावर खोटं बोलत न्हाई. मालकाचं आयकताना मात्र येक कान झाकून ठिवावा." उत्तरेश्वरनं पुढे दोन्ही कान झाकले, एवढाच फरक.

चौऱ्याण्णव साली तो पुण्यात आला तेव्हा कोथरूडमध्ये अजून गोठे होते. दवाखान्यात येणारी कुत्री म्हणजे पांढरे पॉमेरियन नाहीतर बंगल्यांतले अल्सेशियन. मग हिंजवडीला कंपन्या आल्या, टेकडीच्या पायथ्यापर्यंत इमारती चढल्या, आणि गळ्यात ओळखपत्र अडकवलेली पोरं संध्याकाळी आठनंतर लॅब्रॅडॉर घेऊन येऊ लागली. एका मोबाइलच्या जाहिरातीत चपट्या नाकाचं कुत्रं दिसलं आणि सहा महिन्यांत दवाखान्याच्या बाकावर तसलीच चार घोरायला लागली. मालक बदलले. थापा त्याच राहिल्या.

"काही म्हणजे काही खाल्लेलं नाही हो," असं शपथेवर सांगणाऱ्या बाईंच्या कुत्र्याच्या पोटातून त्यांचंच जोडवं निघालं. "भाताचं शीतही देत नाही," म्हणणाऱ्या प्रभात रोडच्या गृहस्थांच्या लॅब्रॅडॉरचं तोंड हुंगून उत्तरेश्वर म्हणाला होता, "तूप घरचं दिसतंय." आणि एक पोरगा धडधाकट कुत्रा घेऊन आला, म्हणाला, हा चावतो, याला कायमचं झोपवा. त्या वेळी कुत्रा उत्तरेश्वरचं मनगट चाटत होता. चौकशीअंती कळलं की पोराला अमेरिकेला जायचं होतं. मॅडमनी त्याला हाकलून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कुत्रा दवाखान्याच्या ग्रिलला बांधलेला सापडला.

"उत्तरेश्वर, तुम्ही पोलिसात जायला हवं होतं," मॅडम म्हणायच्या. "इथे गुन्हेगार सगळे फी देऊन जातात."

सुतारदऱ्यातल्या खोलीत त्याची बायको भाग्यश्री याहून स्पष्ट बोलायची. "आरशात बगून भांग पाडताना बी तुमचे डोळं बारीक हुत्यात."

अशा माणसाला आवडणारे मालक फार थोडे. त्यांत दातार सर पहिले. श्यामकांत दातार, शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेले, एरंडवण्यात मुलगा-सुनेबरोबर राहणारे. बायको वारल्यावर त्यांनी एक डॅशहंड पाळला होता. तपकिरी रंगाचा, आखूड पायांचा, लांबुडका. नाव गुंडू. गुंडूला अधूनमधून आकडी यायची, म्हणून त्याला सकाळ-संध्याकाळ अर्धी गोळी चालू होती. सर प्रत्येक आकडीची तारीख, वेळ आणि मिनिटं वहीत लिहून आणायचे. "आकडी येण्याआधी त्यानं माझी अर्धी चपाती खाल्ली होती. चूक माझी," असंही सांगायचे. असा मालक उत्तरेश्वरनं दुसरा पाहिला नव्हता.

सरांचं आणि त्याचं एक गुपितही होतं. दोन हजार पाचच्या मे महिन्यात मॅडम भाचीच्या लग्नाला नाशिकला गेल्या होत्या. रविवारी भर दुपारी सर टॉवेलमध्ये गुंडाळलेला गुंडू घेऊन धापा टाकत आले. फाटकाच्या पत्र्यानं त्याची मागची मांडी आतून फाटली होती.

"सर, दुसरीकडं न्या. मॅडम न्हाईत."

"रविवार आहे, दुपार आहे, आणि हे पुणं आहे. कुठे नेऊ?"

उत्तरेश्वरनं आयुष्यभर टाके घालताना बघितले होते, घातले कधी नव्हते. त्यानं जागा बधिर केली आणि सुई हातात घेतली. सहा टाके पडले. चौथ्याला गुंडूनं पाय झाडला, तो तिरका गेला. काम झाल्यावर त्यानं सुई धुऊन होती तिथे ठेवली.

"सर, हे मॅडमना कळलं तर मी उद्यापासनं केमला."

"काय कळलं तर? तुम्ही पट्टी बांधलीत. चांगली बांधलीत," सर म्हणाले. दहा दिवसांनी, मॅडम दवाखान्यात यायच्या आत, सकाळी सातला त्यानंच ते टाके काढले. जखम भरली. विळ्यासारखा बाकदार वण तेवढा राहिला, मधे एका ठिकाणी वाकडा.

दोन हजार सहाच्या ऑगस्टमध्ये सर एकटेच आले. हातात कागद होता: "हरवला आहे." खाली त्यांच्या वळणदार अक्षरात गुंडूचं वर्णन. डावं मनगट प्लॅस्टरमध्ये होतं. महिन्यापूर्वी गुंडूच्या पट्ट्यात पाय अडकून ते पडले होते.

कागद भिंतीवर चिकटवता चिकटवता उत्तरेश्वरनं चौकशी सुरू केली. "खाली कोन घेऊन गेलं हुतं?"

"चंपा. आमच्याकडे काम करते ती. हात मोडल्यापासून सकाळी तीच नेते. पार्किंगमधल्या नळाला बांधून कचरा टाकायला कोपऱ्यावर गेली. परत आली तर हा नाही. पट्टाही नाही."

"भुंकला?"

"कुणी ऐकलं नाही."

"किती वर्षं हाय ही बाई?"

"आठ."

उत्तरेश्वरनं कागदाच्या कोपऱ्यावर अंगठा दाबला. "सर, अनोळखी मानसाला गुंडू भुंकल्याबिगर ऱ्हात न्हाई. वळखीच्यानंच न्हेलाय. असली कुत्री हातोहात जात्यात. बाईला जरा नीट इचारा."

"चंपा? छे!" सर म्हणाले. पण त्या 'छे'मध्ये जोर नव्हता.

पंधरा दिवसांनी सर काही बातमी आहे का बघायला आले, तेव्हा कळलं की चंपाला कामावरून काढलं. आपण नेला नाही असं तिनं रडून ओरडून सांगितलं, पण जिन्यात सगळ्यांसमोर बोलाचाली झाली आणि त्याच इमारतीतल्या आणखी दोन घरांनी तिला नको म्हटलं. उत्तरेश्वरनं मान हलवली. आपलं अनुमान खरं निघाल्यासारखं त्याला वाटलं. चंपाला त्यानं कधी पाहिलंही नव्हतं.

दिवाळीत दवाखान्याला रंग लागला, भिंतीवरचे कागद निघाले. त्यानंतरच्या एका शनिवारी संध्याकाळी, मॅडम आत शस्त्रक्रियेत असताना, एक तरुण जोडपं आलं. अभिनव आणि सृष्टी, दोघंही नागपूरचे, दोघंही हिंजवडीला नोकरीला. सृष्टीच्या कडेवर तपकिरी डॅशहंड होता.

"काका, याला रेबीजची लस द्यायची होती. कोको नाव आहे याचं."

कुत्रा खाली सोडल्याबरोबर थेट वजनकाट्यामागे गेला. बिस्किटांचा डबा तिथे असायचा. उत्तरेश्वरनं त्याला टेबलावर घेतलं, उताणा केला आणि मागचा पाय बाजूला केला. विळ्यासारखा वण. मधे वाकडा.

त्याच्या कानांत गरम झालं. आवाज मात्र त्यानं सपाट ठेवला. "कुठनं घेतला?"

"अडॉप्ट केलाय," अभिनव म्हणाला.

"कोनाकडनं?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. ती नजर उत्तरेश्वरच्या ओळखीची होती. "एका... ओळखीच्यांकडून."

"नाव?"

"नाव कशाला लागतं, काका?"

"केसपेपरवर लिव्हावं लागतं," उत्तरेश्वर म्हणाला. तसा रकाना केसपेपरवर नव्हता. "ऱ्हायला कुठं? वाकड? आन् लस द्यायला हितं? तिकडं डॉक्टर संपलं काय?"

"आमच्याकडे इथलाच पत्ता होता," सृष्टी म्हणाली. तिनं कुत्र्याला छातीशी धरलं. "आणि गोळ्या..."

"या कुत्र्याचे आधीचे कागद दाखवा."

अभिनवनं घड्याळ बघितलं. "सृष्टी, चल. आपण नंतर येऊ." आणि ती दोघं गेलीसुद्धा. केसपेपरवर नाव, पत्ता आणि मोबाइल नंबर राहिला होता. उत्तरेश्वरनं तो घडी घालून खिशात टाकला. पळाले, म्हणजे चोरच.

खरं तर मॅडम बाहेर आल्या आल्या सांगायला हवं होतं. पण मॅडम पहिलाच प्रश्न विचारणार: कशावरून ओळखलं? आणि मग ते सहा टाके. सरांकडे जावं तर सर पोलिसात जाणार, पोलीस खूण विचारणार, पुन्हा टाकेच. रोज रात्री जेवताना तो ठरवायचा, उद्या सांगू. भाग्यश्रीला सांगितलं, तर ती म्हणाली, "दुसऱ्याचं लपवलेलं हुडकताय, आन् सोताचं?" त्यानं ताट सारलं.

गुरुवारी त्याची सुटी. दोन बस बदलून तो वाकडला गेला आणि त्या इमारतीसमोरच्या चहाच्या टपरीवर उभा राहिला. तासाभरानं इमारतीचा वॉचमन रस्ता ओलांडून आला.

"केव्हाचा बघतोय तुम्हाला. कोणाकडे जायचंय?"

"पाव्हनं येनार हायेत," उत्तरेश्वर म्हणाला.

वॉचमननं त्याच्याकडे पायांपासून डोक्यापर्यंत बघितलं, अगदी तो स्वतः लोकांकडे बघायचा तसं. "मग पाहुण्यांच्या घरी थांबा. इथे नाही."

तो निघणार एवढ्यात सृष्टी बाहेर आली. कुत्रा तिच्या पुढे तुरुतुरु चालत होता. फाटकाशी तीन पायऱ्या होत्या. तिथे तिनं वाकून एक हात त्याच्या छातीखाली आणि एक कुल्ल्यांखाली घातला आणि त्याला आडवा उचलून खाली ठेवला. लांब पाठीच्या कुत्र्याला पायरी उतरू देऊ नये, असं मॅडम घसा कोरडा करून सांगायच्या आणि दहातला एक मालक ऐकायचा. उत्तरेश्वरला बसमध्ये चैन पडेना. पण संशयाला बसायला कोपरा लागतो, तो त्यानं शोधून दिला: चोरीचा माल माणूस जास्तच जपतो.

सोमवारी सकाळी दवाखाना उघडतोय तोच रिक्षा येऊन थांबली. अभिनवच्या मांडीवर गुंडू ताठ झाला होता, तोंडाला फेस, पाय हवेत झटके देत होते. मॅडमनी इंजेक्शन दिलं. पाच-सात मिनिटांनी त्याचं अंग सैल पडलं. सृष्टी भिंतीला टेकून रडत होती.

"आधी येत होत्या का फिट? काही औषध चालू आहे?" मॅडमनी विचारलं.

सृष्टीनं पर्समधून खाकी कागदाची पुडी काढली. मागे दवाखान्याचा शिक्का होता आणि पुढे उत्तरेश्वरच्याच हस्ताक्षरात लिहिलं होतं: 'गुंडू दातार. अर्धी स., अर्धी सं.'

"यावरूनच तुमचा पत्ता मिळाला आम्हाला. गोळ्या संपत आल्या होत्या, म्हणून आठ दिवस एकदाच देत होतो. त्या दिवशी लस आणि गोळ्या दोन्हीसाठी आलो होतो, पण हे काका असे काही विचारायला लागले की आम्ही घाबरूनच गेलो. वाटलं, आपण काही इल्लीगल केलं की काय."

"दिला कुणी तुम्हाला?"

अभिनवनं या वेळी सृष्टीकडे बघितलं नाही. "आमोद सरांनी. माझे टीम लीड आहेत. म्हणाले, वडिलांना आता झेपत नाही, पण समोरून नेला तर ते सोडणार नाहीत. कुणाला बोलू नका म्हणाले."

आमोद म्हणजे दातार सरांचा मुलगा. उत्तरेश्वर पुडीकडे बघत राहिला. चोर कुत्रा नेतो. त्याच्या गोळ्या नेत नाही. ही पुडी सरांच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर असायची. घरचा माणूस खाली आला, गुंडू शेपटी हलवत त्याच्या गाडीत बसला. भुंकेल कशाला?

ती दोघं बाहेर बाकावर बसल्यावर मॅडमनी दार लोटलं. "त्या दिवशीच ओळखलं होतंत तुम्ही याला?"

"व्हय."

"कशावरून?"

मग त्यानं सगळं सांगितलं. टाके, सात वाजता काढलेले दोरे, खिशातला केसपेपर, वाकडची फेरी, आणि ऑगस्टमध्ये सरांच्या कानात घातलेलं चंपाचं नाव. मॅडम बेसिनशी उभ्या राहून हात धूत होत्या. त्याचं संपलं तरी त्या धूतच होत्या.

"यापुढे तुमच्या हातात सुई दिसली, तर तुम्ही या दाराच्या बाहेर. तेव्हा नशिबानं निभावलं. पिकलं असतं म्हणजे?" त्यांनी नळ बंद केला. "आणि आठ दिवस गप्प बसलात. ही फिट त्याची आहे."

"व्हय, मॅडम."

"संध्याकाळी दातारांकडे जा. हे मी फोनवर सांगणार नाही. आणि सांगायचं तुम्हीच आहे."

सर एकटेच घरी होते. उत्तरेश्वरला त्यांनी खुर्ची दिली, तो टोकावर बसला. त्यानं पुडी टेबलावर ठेवली आणि जसं घडलं तसं सांगितलं. आमोदचं नाव त्यानं शेवटी घेतलं. सरांनी पुडी उचलली नाही.

"फळीवर पुडी नाही, हे मला दुसऱ्याच दिवशी दिसलं होतं," ते म्हणाले.

उत्तरेश्वरला आधी कळलंच नाही.

"भूमिती शिकवलीय मी चौतीस वर्षं. इतकं साधं सिद्ध करता येत नाही असं नाही. पण सिद्ध केलं असतं, तर मुलाशी बोलावं लागलं असतं. सूनबाईंना दिवस गेलेत. आकडी आली की ती घाबरायची, मी पडलो तेव्हा आमोद दोन दिवस बोलत नव्हता. हे मला सगळं दिसत होतं. आणि तेवढ्यात तुम्ही म्हणालात, बाईला विचारा." सरांनी चष्मा काढला. "मला ते सोयीचं वाटलं, उत्तरेश्वर. तुम्हाला निदान खरं वाटत होतं. मला तेही नव्हतं."

आमोद साडेआठला आला. टेबलावरची पुडी बघून दारातच थांबला.

"बाबा, मी सांगणार होतो. बाळंतपण झालं की सांगणार होतो. तुमचा हात मोडला, उद्या खुबा मोडला असता. चांगल्या घरी दिलाय मी त्याला."

"गुंडूचं नंतर बोलू. चंपाला जिन्यात चोर म्हणत होते, तेव्हा तू कुठे उभा होतास?"

"मी तिला एक शब्द बोललो नाही."

"तेच विचारतोय," सर म्हणाले.

आमोद आत गेला आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सर आणि उत्तरेश्वर केळेवाडीत गेले. चढ होता, सर दोनदा थांबले. चंपा उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. चाळिशीची, काटक बाई. सरांना बघून उठली, पण आत या म्हणाली नाही.

"चंपा, गुंडू सापडला. तू नेला नव्हतास. माझ्याच घरातून दिला गेला. माझी चूक झाली." सरांनी हात जोडले, एका हाताला अजून क्रेपची पट्टी होती.

"म्या न्हेला न्हाई ते मला तवाच म्हाईत हुतं, सर. तुमास्नी आज कळलं." ती सुपातल्या तांदळात बोटं फिरवत राहिली. "माजी आनि दोन घरं गेली. वरल्या वयनींनी माज्या देखत कपाटाला कुलूप घातलं. त्यास्नी कोन सांगनार?"

"मी सांगतो. आजच."

"तुमी दाराआड सांगाल. मला चोरटी म्हनले ते जिन्यात म्हनले."

सरांनी मान डोलावली. मग तिचं लक्ष उत्तरेश्वरकडे गेलं. "आन् ह्ये कोन?"

"मी दवाखान्यातला," उत्तरेश्वर म्हणाला. "तुमचं नाव सरांच्या डोक्यात मीच घातलं."

"मला वळखत हुता?"

"न्हाई."

"बगा," चंपा म्हणाली. आणि पुन्हा तांदूळ निवडायला बसली. त्यानं चार वाक्यं तयार करून आणली होती, ती तशीच घेऊन तो उतार उतरला.

त्याच दुपारी सोसायटीच्या फलकावर, पाण्याच्या वेळांच्या आणि वर्गणीच्या सूचनेच्या मधोमध, वळणदार अक्षरातला एक कागद लागला:

'श्रीमती चंपा यांनी माझा कुत्रा चोरलेला नव्हता. तो माझ्याच कुटुंबीयांनी परस्पर दिला होता. मला शंका असूनही मी खात्री करून घेतली नाही व त्यांच्यावर आळ येऊ दिला. याबद्दल मी त्यांची जाहीर माफी मागतो. ज्यांनी माझे पाहून त्यांना कामावरून काढले, त्यांनीही विचार करावा. श्या. वि. दातार, सदनिका ४.'

शेजारचे एक गृहस्थ जिन्यात भेटून म्हणाले, "सर, घरातलं घरात मिटवायचं होतं हो."

"चोरी जाहीर झाली, तेव्हा हे कुणी म्हणालं नाही," सर म्हणाले.

रात्री आमोदनं तो कागद काढला. सकाळी सरांनी दुसरा लावला. तोही निघाला. तिसरा लावला तेव्हा सर उघड्या दारात खुर्ची टाकून बसले होते. आमोद खाली उतरला, फलकासमोर थोडा वेळ उभा राहिला आणि कामावर निघून गेला. तो कागद आठ दिवस राहिला.

वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी चंपाला निरोप पाठवला. ती गेली नाही. दातारांकडेही ती परत आली नाही. हिंजवडीतल्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये तिला काम मिळालं; सकाळी सहाला गाडी न्यायला यायची.

रविवारी अभिनव आणि सृष्टी गुंडूला घेऊन दवाखान्यात आले. सर बाकावर बसले होते. गुंडूनं आधी हवा हुंगली, मग असा काही आवाज काढला की आतल्या पिंजऱ्यातलं मांजरही उठून बसलं. सरांच्या मांडीवर चढून त्यानं त्यांचा चष्मा पाडला. सृष्टी खिडकीबाहेर बघत होती. थोड्या वेळानं तो खाली उतरला, जाऊन तिच्या चपलेवर हनुवटी ठेवून पडला, आणि मग सगळ्यांचीच पंचाईत झाली.

"दर रविवारी येत जा," सर तिला म्हणाले. "मला पायऱ्यांवर त्याला नीट उचलता येत नाही. मनगट अजून दुखतं." गुंडू सरांकडे परत गेला, आणि ती दोघं वर्षभर येत राहिली. मग त्यांनी वाकडलाच रस्त्यावरचं एक पिल्लू घरी नेलं.

आमोद वडिलांशी तीन महिने तुटक बोलत होता. फेब्रुवारीत मुलगी झाली. सूनबाई माहेरून परत आली तेव्हा गुंडूच्या गोळ्या पुन्हा नियमित झाल्या होत्या, आकडी दोन-तीन महिन्यांतून एकदा. पाळण्याखाली कुत्रा चालणार नाही, असं तिनं बजावलं होतं. तो तिथेच झोपायला लागला, आणि ती बोलायची थांबली. बापलेकांचं मात्र आधीसारखं झालं नाही. जेवताना टीव्ही चालू असायचा.

मॅडमनी शब्द पाळला. उत्तरेश्वर जनावर धरायचा, वजन करायचा, पुड्या बांधायचा; सुईला हात लावत नव्हता. त्याचा संशय गेला असंही झालं नाही. मालकाच्या तोंडाकडे तो अजूनही आधी बघायचा. मात्र मनात आलेलं आत जाऊन मॅडमना सांगायचा, आणि सांगताना "असं मला वाटतंय" एवढं जोडायचा. मॅडमना ते इतकं अनोळखी वाटलं की पहिल्यांदा त्यांनी विचारलं, "बरं नाही का तुम्हाला?"

तीन वर्षांनी, दिवाळीला आठवडा असताना, कर्वे पुतळ्याच्या थांब्यावर त्याला चंपा दिसली. हातात कंदिलाचा सांगाडा होता. तो बघून न बघितल्यासारखं करणार होता, पण तीच म्हणाली, "दवाखान्यातलं नव्हं तुमी?"

"व्हय."

"सर बरं हायेत?"

"बरं हायेत. नात पळायला लागली, बोलती."

तिनं सांगाडा दुसऱ्या हातात घेतला. "त्यो गुंड्या हाय का अजून?"

"हाय. म्हातारा झालाय."

"फटाकड्यास्नी लई भेतो त्यो. त्याला गप कसं करायचं सरांना ठावं नसंल, त्या वक्ताला मीच असायची घरात. न्हानीत पोतं टाकून बसवा म्हनावं, दार वढून घ्या. तितं गप पडतो."

बस आली. चंपानं कंदील सांभाळत दांडी धरली आणि मागे न बघता वर चढली. उत्तरेश्वरची बस त्यानंतरची होती. ती त्यानं सोडून दिली आणि चालत एरंडवण्यात सरांकडे निघाला.